एका मशिदीचा जमाखर्च

वस्तीत नवे प्रार्थनास्थळ उभे राहणार असे कळले की शेजारच्या लोकांच्या मनात दोन प्रश्न हमखास उद्भवतात. आमच्या रस्त्याचे, उजेडाचे आणि शांततेचे काय होणार, हा पहिला. आणि एवढा पैसा येणार कोठून, हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. कापडगिरणी, सिनेमागृह वा महाविद्यालय उभे राहत असतानाही तेच विचारले जातात. मात्र वास्तू मशिदीची असली की हे साधे प्रश्न साधे उरत नाहीत. विचारणाऱ्यावर धर्मद्वेषाचा आरोप होतो, आणि ज्यांच्या मनात खरोखरच धर्मद्वेष असतो ते याच प्रश्नांची शाल पांघरून सभेत येऊन बसतात. परिणामी उत्तर देणाऱ्याला प्रश्नकर्ते ओळखता येत नाहीत आणि प्रश्नकर्त्याला उत्तर मिळत नाही.

या गोंधळातून वाट काढावयाची तर कोणत्या तरी एका प्रत्यक्ष उदाहरणाचा आरंभापासून शेवटपर्यंत हिशेब मांडून पाहणे बरे. जर्मनीतील कोलोन शहराच्या मध्यवर्ती मशिदीचे उदाहरण त्या दृष्टीने फार उद्बोधक आहे. तेथे नगररचनेचे वाद झाले, पैशाचे वाद झाले, मोर्चे निघाले, नगरसभेत मतदान झाले आणि अखेर वास्तूही उभी राहिली. कोणत्या प्रश्नाला उत्तर मिळाले आणि कोणता तसाच लोंबकळत राहिला, हे आज मागे वळून पाहताना स्पष्ट दिसते.

मागच्या अंगणातून हमरस्त्यावर

३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनी व तुर्कस्तान यांच्यात मजूरभरतीचा करार झाला. युद्धोत्तर जर्मन उद्योगांना हात कमी पडत होते आणि अनातोलियाच्या खेड्यांत हातांना काम नव्हते. कोलोनच्या फोर्ड मोटार कारखान्यात हजारो तुर्की कामगार आले. ‘पाहुणे कामगार’ असे त्यांचे नाव पडले. कारण काही वर्षे राबून ते परत जातील, अशी यजमानांची आणि पाहुण्यांचीही समजूत होती. १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीने ही भरती थांबविली. तिचा परिणाम मात्र अपेक्षेच्या उलट झाला. एकदा गेलो तर पुन्हा येता येणार नाही, या धास्तीने कामगारांनी परत जाण्याऐवजी बायकामुलांना बोलावून घेतले. सरकारी निर्बंधांचे असे उलटे फळ अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला नवे नाही.

माणसे आली तसा त्यांचा धर्मही आला. १९६५ च्या फेब्रुवारीत रमजानच्या अखेरीस कोलोनच्या जगप्रसिद्ध कॅथीड्रलच्या एका भागात शेकडो तुर्की कामगारांनी नमाज पढली होती, आणि चर्चच्या अधिकाऱ्यांनी ती जागा आपण होऊन दिली होती. एरवी मात्र त्यांची प्रार्थनागृहे म्हणजे बंद पडलेले कारखाने, गोदामे, दुकानांच्या मागील खोल्या. जर्मनीत ‘मागच्या अंगणातील मशिदी’ हा शब्दप्रयोगच त्यामुळे रूढ झाला. १९८४ साली कोलोन येथे ‘दितिब’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी तुर्की मुसलमानांची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. एरेनफेल्ड या जुन्या कामगारवस्तीत, दोन वाहत्या रस्त्यांच्या कोपऱ्यावर, एका जुन्या औषध कारखान्याच्या इमारतीत तिचे मुख्यालय आणि प्रार्थनागृह होते. त्याच जागी एक भव्य मशीद बांधावयाची, असे या शतकाच्या आरंभी ठरले. स्पर्धा घेण्यात आली आणि २००६ साली वास्तुशिल्पकार पाउल ब्योम यांचा आराखडा पसंत झाला. हे घराणे चर्चच्या वास्तूंसाठी नावाजलेले. आजोबा आणि वडील दोघेही चर्चचे शिल्पकार. घुमट सुमारे ३६ मीटरचा, दोन मिनार प्रत्येकी ५५ मीटरचे आणि बाराशे लोकांना एका वेळी नमाज पढता येईल असे दालन, असा तो आराखडा होता.

मागच्या अंगणातली प्रार्थना हमरस्त्यावर येणार होती आणि वादाला तोंड फुटले ते येथेच. जोवर मशीद दिसत नव्हती तोवर ती कोणाला खुपत नव्हती.

रहिवाशांचे आक्षेप

एरेनफेल्डच्या रहिवाशांचे आक्षेप काय होते? पहिला वाहतुकीचा. शुक्रवारी दुपारी तासा-दीड तासात हजारभर माणसे येणार, त्यांच्या मोटारी कोठे उभ्या राहणार? दुसरा उंचीचा. आजूबाजूची घरे चार-पाच मजल्यांची, त्यांत ५५ मीटरचे मिनार वस्तीचा तोल बिघडवतील. तिसरा बाजाराचा. संकुलात दुकाने, कार्यालये, ग्रंथालय, सभागृह अशी योजना होती. त्यामुळे वस्तीतील मूळ बाजारपेठेस धक्का बसेल, शिवाय तुर्की लोक सर्व व्यवहार आतल्या आतच उरकून शहरापासून अधिकच तुटतील. चौथा आवाजाचा, म्हणजे अजानचा.

हे चारही आक्षेप ज्याला अर्थशास्त्रात ‘बाह्य परिणाम’ म्हणतात त्या जातीचे आहेत. एकाच्या कृतीचा खर्च दुसऱ्याच्या माथी पडतो आणि तो बाजारभावात कोठेच दिसत नाही. म्हणून नगररचनेचे नियम लागतात. या जातीच्या आक्षेपांचा मोठा गुण असा की ते मोजता येतात, आणि जे मोजता येते त्यावर तडजोड होऊ शकते. मोटारींसाठी तळघर बांधता येते. दुकानांचे क्षेत्रफळ कमी-जास्त करता येते. आवाजाला मर्यादा घालता येते. कोलोनमध्ये अशी घासाघीस दोनेक वर्षे चालली आणि ती निष्फळ झाली असे म्हणता येणार नाही.

दुकानांचा मुद्दा मात्र थोडा निराळा आहे. मशिदीला लागून बाजार असणे ही मुसलमानी जगातील फार जुनी व्यवस्था आहे. दुकानांच्या भाड्यातून दिवाबत्ती, दुरुस्ती, पाठशाळा आणि गोरगरिबांचे अन्न यांचा खर्च भागावा, हा तिचा हेतू. आपल्याकडच्या देवस्थानांच्या जमिनी आणि गाळे यांमागेही तोच विचार आहे. आता रहिवासी एकीकडे ‘दुकाने कमी करा’ म्हणत होते आणि दुसरीकडे ‘बाहेरचा पैसा नको’ म्हणत होते. या दोन मागण्या एकमेकींना छेद देतात, हे फारसे कोणी ध्यानात घेतले नाही. ज्या संस्थेला स्वतःचे उत्पन्न नाही तिला दुसऱ्याच्या दारात उभे राहावेच लागते.

गर्दीत मिसळलेला द्वेष

या रास्त आक्षेपांत दुसरेच एक पाणी येऊन मिसळले. ‘प्रो कोल्न’ हा अतिउजवा पक्ष २००४ साली नगरसभेत शिरला होता. त्याने मशिदीविरुद्ध सह्यांची मोहीम उघडली. त्याला मोटारींच्या तळाशी कर्तव्य नव्हते, मुसलमान नकोत हाच त्याचा खरा मुद्दा होता. २००७ च्या मे महिन्यात राल्फ जॉर्डानो या वृद्ध लेखकाने हा प्रकल्प थांबविण्याची जाहीर मागणी केली, तेव्हा प्रकरण देशभर गाजले. जॉर्डानो हे नाझी छळातून वाचलेले ज्यू. त्यांना उजवे म्हणून झटकून टाकणे कोणालाच शक्य नव्हते. मशिदी एकात्मतेचे चिन्ह नसून तिच्या अपयशाचे चिन्ह आहेत, असा त्यांचा आशय होता. प्रो कोल्नशी आपला काडीचाही संबंध नाही, हेही त्यांनी बजावून सांगितले. कोलोनचे आर्चबिशप कार्डिनल माइस्नर यांनीही आपल्या मनातील अस्वस्थता लपविली नाही.

परंतु सामान्य नागरिक कोठे उभा होता? त्याच वर्षी शहरात घेतलेल्या एका मतचाचणीत सुमारे एकतृतीयांश लोक मशिदीच्या पूर्ण विरोधात होते. एकतृतीयांशाहून थोडे अधिक आहे त्या आराखड्यास अनुकूल होते. आणि चतुर्थांशाहून अधिक लोकांचे म्हणणे असे होते की मशीद जरूर व्हावी, पण थोडी लहान व्हावी. प्रस्तुत लेखकाच्या मते या शेवटच्या गटाचे महत्त्व सर्वांत अधिक आहे. हा गट मोर्चा काढीत नाही, वर्तमानपत्रांत त्याचे छायाचित्र येत नाही. पण लोकशाहीत निकाल त्याच्याच हाती असतो, आणि त्याला धर्मद्वेष्टा म्हणून हिणविले तर तो नाइलाजाने पहिल्या गटात जाऊन बसतो.

कोलोनच्या नागरिकांनी हा विवेक बऱ्याच अंशी राखला, हे मान्य केले पाहिजे. २८ ऑगस्ट २००८ रोजी नगरसभेने मशिदीच्या योजनेस मंजुरी दिली. ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्षाने विरोधी मत दिले. पण त्याच पक्षाचे महापौर फ्रिट्झ श्रामा यांनी पक्षाची आज्ञा बाजूला सारून अनुकूल मत दिले. पुढच्याच महिन्यात प्रो कोल्नने युरोपभरच्या समविचारी मंडळींची ‘इस्लामीकरणविरोधी परिषद’ भरविण्याचा घाट घातला, तेव्हा हजारो नागरिकांनी रस्ते अडवून ती होऊ दिली नाही. त्याआधी २००७ साली शहरातील एका कॅथलिक चर्चने रविवारच्या प्रार्थनेत मशिदीसाठी वर्गणी गोळा केली होती. रक्कम फार मोठी नसेल, पण जमाखर्चाच्या वहीत काही नोंदींचे मोल आकड्यापेक्षा अधिक असते.

भांडवली खर्च आणि महसुली खर्च

आता पैशाच्या प्रश्नाकडे वळू. ७ नोव्हेंबर २००९ रोजी पायाभरणी झाली. बांधकाम रेंगाळले, बांधकामातील दोषांवरून संस्था व शिल्पकार यांच्यात बेबनाव झाला आणि २०११ च्या अखेरीस ब्योम यांना दूर करण्यात आले. मूळ अंदाज मागे पडून खर्च तीन कोटी युरोच्या घरात गेला. जर्मनीभरच्या शेकडो मशीद मंडळांच्या देणग्या आणि बँकेचे कर्ज यांतून हा खर्च भागविला, असे संस्थेचे म्हणणे आहे. विरोधकांचा संशय असा की यामागे तुर्कस्तान सरकारची तिजोरी आहे.

हा वाद वर्षानुवर्षे इमारतीच्या खर्चाभोवती फिरत राहिला. माझ्या मते रहिवाशांची शंका रास्त असली तरी त्यांनी बोट चुकीच्या रकान्यावर ठेवले. आपल्याकडील कोणताही पदवीचा विद्यार्थी सांगेल की भांडवली खर्च एकदाच होतो, महसुली खर्च मात्र दरवर्षी होत राहतो. इमारत कोणाच्या पैशाने बांधली यापेक्षा तिच्यात उभे राहून बोलणाऱ्याचा पगार कोण देतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. आणि या प्रश्नाचे उत्तर गुप्त नव्हतेच. दितिबच्या सुमारे नऊशे मशिदींमधील इमाम अंकारा येथील ‘दियानत’ या सरकारी धर्मखात्याकडून पाठविले जात आणि त्यांचे वेतनही तेच खाते देत असे. काही वर्षांसाठी आलेला, जर्मन भाषा जेमतेम जाणणारा आणि परत गेल्यावर त्याच खात्यात नोकरी करणारा इमाम कोणाकडे पाहून बोलेल? ज्याचे मीठ खावे त्याला जागावे, ही रीत जर्मनीत आणि तुर्कस्तानात सारखीच.

गंमत अशी की अनेक वर्षे जर्मन सरकारला ही व्यवस्था सोयीची वाटत होती. तुर्कस्तान हे घटनेने धर्मनिरपेक्ष राष्ट्र. तिथले सरकारी इमाम आले तर जहाल पंथांना आळा बसेल, आणि आपला एक पैही खर्च होणार नाही, असा हिशेब होता. फुकटची वस्तू अखेर महाग पडते, याचा अनुभव पुढे आला. जुलै २०१६ मध्ये तुर्कस्तानात लष्करी उठावाचा प्रयत्न फसला आणि त्यानंतर दितिबच्या काही इमामांनी आपल्याच लोकांवर पाळत ठेवून सरकारच्या विरोधकांची माहिती अंकाराला कळविल्याचा आरोप झाला. जर्मन अभियोक्त्यांनी चौकशी केली, २०१७ च्या अखेरीस ती थांबविली. पण विश्वासाला तडा गेला तो गेलाच.

मग जर्मनीतील मुसलमानांनी आपल्या इमामांचा खर्च स्वतः का उचलला नाही? येथे त्या देशाच्या व्यवस्थेतील एक विषमता लक्षात घेतली पाहिजे. जर्मनीत मान्यताप्राप्त चर्चच्या सभासदांकडून सरकार प्राप्तिकराच्या आठ ते नऊ टक्के इतका चर्चकर वसूल करून त्या त्या चर्चला देते. हा लाभ मिळण्यासाठी सार्वजनिक संस्थेचा विशिष्ट दर्जा लागतो. ज्यू समाजाला तो आहे. बहुसंख्य मुसलमान संघटनांना नाही. त्यामागे कारणेही आहेत: सभासदांची निश्चित नोंद नाही, एकमुखी प्रतिनिधित्व नाही, आणि दितिबच्या बाबतीत परक्या सरकारचे नियंत्रण हीच मुख्य अडचण. म्हणजे चक्र असे फिरते: दर्जा नाही म्हणून देशातला नियमित पैसा नाही, देशातला पैसा नाही म्हणून परक्या सरकारचा आधार, आणि परक्या सरकारचा आधार आहे म्हणून दर्जा नाही. दारिद्र्याच्या दुष्टचक्राविषयी आम्ही वर्गात शिकवितो, त्याचेच हे धार्मिक रूप होय.

वास्तूच्या रचनेत एक अर्थपूर्ण कल्पना आहे. घुमट अखंड नाही. काँक्रीटच्या पाकळ्या एकमेकींपासून दूर सरकवून मध्ये उंच काचा बसविल्या आहेत, जेणेकरून बाहेरच्यास आत दिसावे आणि आतल्यास बाहेर. काच भिंतीला लावणे सोपे असते; जमाखर्चाच्या वहीला ती लावणे कठीण, आणि शेजाऱ्यांना तर त्याच काचेची गरज होती.

दोन उद्घाटने

२०१७ च्या रमजानमध्ये नव्या मशिदीत नमाज सुरू झाली. अधिकृत उद्घाटन झाले २९ सप्टेंबर २०१८ रोजी, तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष एर्दोगान यांच्या हस्ते. सुरक्षिततेची योजना अपुरी असल्यामुळे बाहेरच्या जाहीर समारंभाला शहराने आदल्या दिवशी परवानगी नाकारली. महापौर हेन्रिएट रेकर समारंभाला नव्हत्या, राज्याचे मुख्यमंत्री लाशेट नव्हते. ज्यांनी पक्षाचा रोष ओढवून मशिदीच्या बाजूने मत दिले होते त्या श्रामा यांनी जाहीर खंत व्यक्त केली. दहा वर्षांपूर्वी ज्या शहराने ही मशीद आपली मानून रस्त्यावर उतरून तिचे रक्षण केले, ते शहर उद्घाटनाच्या दिवशी पोलिसांच्या कठड्यांपलीकडे उभे होते. विरोधकांनी अनेक वर्षे जे सिद्ध करण्याची खटपट केली होती ते संस्थेने एका दिवसात स्वतःच्या हाताने करून दाखविले.

परंतु इतिहासाचे पान थोडे मागे उलटले तर याच शहरात, याहून मोठ्या वास्तूच्या बाबतीत, असाच प्रसंग घडलेला दिसतो. कोलोनचे कॅथीड्रल १२४८ साली सुरू झाले आणि सोळाव्या शतकात पैसा व उत्साह दोन्ही आटल्याने अर्धवट राहिले. ते पुरे करण्याचे काम १८४२ साली पुन्हा सुरू झाले. तोवर कोलोन प्रशियाच्या राज्यात गेले होते. राजा प्रोटेस्टंट, शहर कॅथलिक; पाचच वर्षांपूर्वी त्या राजवटीने कोलोनच्या आर्चबिशपांना अटक केलेली. अशा स्थितीत प्रोटेस्टंट राजाने कॅथलिक देवळाच्या पायाचा दगड बसविला आणि सरकारी तिजोरीतून वाटा उचलला. उरलेला पैसा नागरिकांच्या मंडळाने वर्गणीतून आणि पुढे चक्क सोडत काढून उभा केला. १८८० साली १५७ मीटरचे मनोरे पुरे झाले. समारंभाला सम्राट आला. पण तेव्हा चर्च आणि सरकार यांच्यात तीव्र संघर्ष पेटलेला होता, कोलोनचे आर्चबिशप परदेशात निर्वासित होते आणि शहरातील कॅथलिक समाजाने त्या सोहळ्यापासून अंतर राखले. म्हणजे देऊळ ज्यांचे, तेच उत्सवाला नव्हते.

आज ते मनोरे कोणाचे, हा प्रश्न कोलोनमध्ये कोणी विचारीत नाही. ते शहराचे आहेत. त्या दिवशीची कटुता विरली याचे श्रेय काळाला आहेच. पण बांधकाम मंडळ स्थानिक नागरिकांचे होते, वर्गणीच्या पावत्या घरोघरी होत्या आणि पुढे देखभालीचा भारही शहराने पिढ्यान् पिढ्या वाहिला, यालाही आहे. सत्ताधीश येतात आणि जातात. ज्या वास्तूचा वार्षिक खर्च गाव उचलते ती अखेर गावाची होते.

इतर देशांचे अनुभव

या प्रश्नावर युरोपात निरनिराळे उपाय योजले गेले. स्वित्झर्लंडने २००९ साली सार्वमत घेऊन नवे मिनार बांधण्यासच घटनेने बंदी केली. मतदारांपैकी ५७ टक्क्यांहून अधिक लोक बंदीच्या बाजूने होते. ही बंदी ना वाहतुकीच्या प्रश्नाला हात लावते, ना पैशाच्या. तिने फक्त मशिदीचे दिसणे थांबविले. ऑस्ट्रियाने २०१५ च्या कायद्याने मुस्लिम धर्मसंस्थांच्या नित्य खर्चासाठी परदेशी पैसा घेण्यास मनाई केली. रोग कोणत्या रकान्यात आहे हे त्याने ओळखले, पण पर्यायी उत्पन्नाची सोय केल्याविना एक दार बंद केले तर पैसा खिडकीतून येतो. ग्रीसने अथेन्समध्ये मशीद सरकारी खर्चानेच बांधली. सुमारे नऊ लाख युरोची, मिनार नसलेली ही साधी वास्तू २०२० च्या नोव्हेंबरमध्ये, कायदा झाल्यानंतर चौदा वर्षांनी, सुरू झाली. फ्रान्समधील स्ट्रासबर्ग शहरात स्थानिक जुन्या कायद्यानुसार धर्मस्थळांना सार्वजनिक मदत देता येते. तेथे २०२१ साली एका मोठ्या मशिदीला पंचवीस लाख युरोहून अधिक अनुदान देण्याचे नगरसभेने तत्त्वतः मान्य करताच केंद्र सरकारने संबंधित संघटनेच्या परदेशी लागेबांध्यांवर बोट ठेवले, आणि संघटनेने अर्ज मागे घेतला.

जर्मनीने अखेर मुळाला हात घातला. डिसेंबर २०२३ मध्ये तुर्कस्तानशी समझोता होऊन सरकारी इमाम पाठविणे टप्प्याटप्प्याने बंद करावयाचे आणि दरवर्षी शंभर इमाम जर्मनीतच तयार करावयाचे, असे ठरले. एरेनफेल्डच्या रहिवाशांनी २००७ साली ज्या प्रश्नाला अस्पष्ट वाचा फोडली होती त्याला सोळा वर्षांनी नेमके उत्तर मिळू लागले, असे म्हणावयास हरकत नाही.

अजानच्या बाबतीतही अनुभव बोलका आहे. परवानगीच्या वेळी ती बाहेर ऐकू येणार नाही असे सांगण्यात आले होते. पुढे शहरानेच २०२१ साली दोन वर्षांचा प्रयोग म्हणून नियम केले: फक्त शुक्रवारी, दुपारी बारा ते तीन या वेळात, पाच मिनिटांपर्यंत, ठरीव आवाजात, शेजाऱ्यांना आगाऊ पत्रक वाटावयाचे आणि तक्रारीसाठी एका जबाबदार व्यक्तीचे नाव द्यावयाचे. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी मध्यवर्ती मशिदीत पहिली अजान झाली. यात तत्त्वाचा गाजावाजा नाही. वेळ, आवाज आणि तक्रार कोणाकडे न्यावी, एवढेच आहे. शेजाराला बहुधा तेवढेच हवे असते. तरीही आधीचे आश्वासन बदलले ही नोंद रहिवाशांच्या मनात राहणारच. आणि म्हणून आश्वासने देताना ती किती वर्षांसाठी आहेत हेही लिहून ठेवणे बरे.

आपलाही आरसा

हे सारे वाचताना, मशिदींचे आणि मुसलमानांचे हे प्रश्न आहेत, आपला काय संबंध, असे वाचकास वाटण्याचा संभव आहे. त्यासाठी इंग्लंडमधील एक उदाहरण द्यावेसे वाटते. लंडनजवळच्या लेचमोर हीथ या टुमदार खेड्यात १९७३ साली बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन यांनी एक जुना वाडा इस्कॉनला दिला आणि तेथे कृष्णमंदिर झाले. जन्माष्टमीला हजारो हिंदू तेथे लोटू लागले. गावचा रस्ता अरुंद. मोटारींच्या रांगांनी रहिवासी जेरीस आले आणि स्थानिक परिषदेने सार्वजनिक पूजा बंद करण्याचा बडगा उगारला. प्रकरण न्यायालयांत गेले, १९९४ साली लंडनमध्ये हिंदूंचा प्रचंड मोर्चा निघाला. अखेर १९९६ साली सरकारने परवानगी दिली ती एका अटीवर: गावाला वळसा घालून मंदिराने स्वतःचा स्वतंत्र रस्ता बांधावा. रस्ता झाला आणि वाद शमला. त्या खेडुतांना आपण हिंदुद्वेष्टे म्हणावे काय? काही असतीलही, पण बहुतेकांना आपल्या दारातून मोटार बाहेर काढावयाची होती, इतकेच. लेचमोर हीथच्या रहिवाशांना जो न्याय लावावयाचा तोच एरेनफेल्डच्या रहिवाशांना लावला पाहिजे, आणि लेचमोर हीथच्या भक्तांना जो हक्क, तोच एरेनफेल्डच्या नमाज्यांना.

आपल्या राज्यात देवस्थाने व धर्मादाय संस्थांचे तपासलेले हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे आणि वक्फ संस्थांचे वक्फ मंडळाकडे जावेत, असा कायदा आहे. परकीय देणग्यांवर १९७६ पासून नियंत्रण आहे व २०१० साली त्यासाठी नवा कायदा झाला. सार्वजनिक जागेवर कोणत्याही धर्माचे अनधिकृत प्रार्थनास्थळ नव्याने होऊ देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी दिला. म्हणजे नियमांचा तुटवडा नाही. उणीव आहे ती हे हिशेब शेजारच्या माणसापर्यंत पोचण्याची. कचेरीत दाखल झालेला ताळेबंद आणि वस्तीतील फलकावर लावलेला ताळेबंद यांत कायद्याच्या दृष्टीने फरक नसेल. विश्वासाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

म्हणून नव्या प्रार्थनास्थळाच्या बाबतीत, मग ते मंदिर असो, मशीद असो वा चर्च, तीन गोष्टींचा आग्रह धरावा असे वाटते. आराखडा मंजुरीला जाण्यापूर्वी शेजाऱ्यांसमोर मांडला जावा आणि मोजता येण्यासारख्या प्रत्येक आक्षेपाला लेखी उत्तर मिळावे. बांधकामाच्या पैशाबरोबरच पुढील दहा वर्षांच्या चालू खर्चाची, विशेषतः तेथील धर्मोपदेशकाच्या वेतनाची, व्यवस्था उघड सांगितली जावी. आणि विश्वस्तांत स्थानिक माणसे असावीत. या तिन्ही अटी सर्व धर्मांना सारख्याच लागू झाल्या तरच त्यांना अर्थ आहे. एकालाच लावलेली अट पक्षपात ठरते.

शेजाऱ्यांनीही आपल्या बाजूने एक पथ्य पाळले पाहिजे. प्रश्न विचारावा तो उत्तर ऐकण्याच्या तयारीने. वाहनतळ झाला, आवाज आवरला, हिशेब उघड झाला आणि तरीही मनातली अढी कायम असेल, तर आपला आक्षेप नगररचनेचा नव्हता हे स्वतःशी कबूल करावे. जी शंका कोणत्याही उत्तराने फिटत नाही तिला नागरिकाची शंका म्हणता येत नाही. आणि जी संस्था साध्या शंकेलाही अपमान समजते, तिला शेजार लाभत नाही. फक्त भिंतीपलीकडची वस्ती लाभते.